धसका घेतलेलं मूल शाळेत येतं तेव्हा

१८ जुलै २०२१ ची पहाट आठवते का? चेंबूरच्या वाशीनाका भागात, भारतनगरमध्ये, मुसळधार पावसात उतारावरच्या घरांवर भिंत कोसळली आणि १९ माणसं झोपेतच गेली. त्याच आठवड्यात, २२ जुलैला, महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं आणि चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी भरलं. आकडे छापून आले, मदत जाहीर झाली, दौरे झाले. त्या सगळ्या गडबडीत शाळेचं नाव कुणीच घेतलं नाही. कारण तेव्हा शाळा बंदच होत्या. करोनामुळे वर्ग मोबाइलवर भरत होता. एखादं मूल दिसलं नाही तर बाई म्हणणार, ‘रेंज नसेल’ किंवा ‘रिचार्ज संपला असेल’.

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरांत आठवीपासूनचे आणि खेड्यांत पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा सुरू झाले. शेजारचं घर डोळ्यांदेखत नाहीसं झालेली मुलं अडीच महिन्यांनी दप्तर घेऊन बाकावर येऊन बसली असतील. समोरच्या बाईंच्या हातात काय होतं? हजेरीपट, तापमान मोजायचं यंत्र, सॅनिटायझरची बाटली आणि राहिलेला अभ्यासक्रम. या मुलांशी काय बोलायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बोलायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं होतं का? बहुतेक बाईंचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

मैत्रिणींनो, गुडघा फुटला तर काय करायचं हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. जखम धुवायची, औषध लावायचं, पट्टी बांधायची. प्रत्येक शाळेत प्रथमोपचाराची पेटी असते. (त्या पेटीतला कापूस कधीचा आहे हे विचारू नका!) पण मनाला बसलेल्या धक्क्याचं काय? आपल्या भाषेत त्यासाठी छान शब्द आहे - धसका. ‘पोरानं धसका घेतलाय’ असं आपल्या आज्या म्हणायच्या. मग दृष्ट काढायच्या, अंगारा लावायच्या, रात्री कुशीत घेऊन निजायच्या. अंगाऱ्यानं काय होत असेल ते असो, त्या कुशीचा उपयोग नक्की होत होता. धसका हा मुलाचा खोडसाळपणा नाही, दुखणं आहे, एवढं तरी त्यांना कळत होतं. शाळेत हेच नेमकं कळत नाही.

का कळत नाही? कारण धसका घेतलेलं मूल नेहमी रडतच असतं असं नाही. ते फळ्याकडे बघत असतं पण त्याला काही ऐकू येत नाही, मग ते ‘लक्ष नसलेलं’. कुणी मागून हात लावला तर ते फाडकन मारतं, मग ते ‘मारकुटं’. तिसरीतली मुलगी पुन्हा चड्डीत शू करायला लागते, मग वर्गभर हसू. रोज दुसऱ्या तासाला पोट दुखतं, तपासणीत काही सापडत नाही, मग ‘नाटकं’. लहान मुलं तर झालेली घटनाच खेळात पुन्हा पुन्हा करतात. मातीचं घर बांधायचं आणि पाडायचं, बाहुलीला पुरायचं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण मुलासाठी तो न झेपणारी गोष्ट पचवण्याचा मार्ग असतो. एकदा मोठा धोका बघितला की मेंदूतली धोक्याची घंटा हळवी होते. डस्टर टेबलावर आपटला, छपरावर पावसाचा आवाज झाला, फटाका फुटला की ती वाजते. ती वाजत असताना सातचा पाढा डोक्यात शिरणार कसा? त्या क्षणी मेंदूला फक्त पळायचं किंवा लढायचं किंवा गोठून बसायचं असतं.

आणि हे केवळ दरड, भूकंप, पूर अशा मोठ्या आपत्तीतच होतं असं समजू नका. रात्री बाबा आईला मारतात आणि सकाळी सात वाजता पोरगी प्रार्थनेला रांगेत उभी असते, तिच्याही डोक्यात ती घंटा वाजतच असते. कर्जापायी वडिलांनी जीव दिला, करोनात आई गेली, झोपडी पाडली आणि सगळं बिऱ्हाड लांबच्या इमारतीत हलवलं, हेही घावच. अमेरिकेत फेलिटी आणि अंडा या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये मोठ्या माणसांच्या लहानपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी मारझोड, अत्याचार, घरातलं व्यसन, हिंसा असं जितकं जास्त वाट्याला आलं, तितकी मोठेपणी नैराश्यच नव्हे, तर हृदयविकारासारखी दुखणीही जास्त दिसली. म्हणजे ‘लहान आहे, विसरून जाईल’ हे आपलं लाडकं वाक्य खोटं आहे. मूल विसरल्यासारखं दिसलं तरी शरीर विसरत नाही.

चेंबूरचं नाव मी सुरुवातीला घेतलं ते फक्त त्या भिंतीसाठी नाही. चेंबूरला लागून देवनारला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे. १९३६ मध्ये नागपाड्याला सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. मुलांच्या मनाचा विचार आपल्या देशात जिथे फार लवकर सुरू झाला, त्या जागांपैकी ही एक. १९३७ मध्येच या संस्थेनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं, तेव्हा आपल्याकडे मुलांनाही मन असतं हे म्हणणंच नवलाचं होतं. १९८४ मध्ये याच संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९९६ मध्ये इथूनच ‘चाइल्डलाइन’ निघाली, तिचा १०९८ हा नंबर - दस नौ आठ - पुढे देशभर पोचला. २०२३ पासून हा नंबर सरकारनं आपल्या हाती घेतला आहे, पण नंबर तोच आहे. रेल्वे स्टेशनवर राहणाऱ्या मुलांनाही लक्षात राहावा म्हणून तो असा सोपा.

आणि तरीही दिव्याखाली अंधार म्हणतात तसं या संस्थेच्या भोवतीच गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात मुंबईतला हा एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेली हजारो कुटुंबं वाशीनाका, मानखुर्द, माहुलच्या इमारतींत आणून बसवली गेली. माहुलला तर शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, ८ ऑगस्ट २०१८ ला त्यातल्या एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आजूबाजूच्या घरांना हादरे बसले. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेंबूरच्याच सिद्धार्थ कॉलनीत पहाटे आग लागून एका घरातली सात माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. त्यांच्या वर्गात दुसऱ्या दिवशी ती बाकं रिकामी होती. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला काय सांगितलं असेल? ‘ती गावाला गेलीय’ असं?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मुलांना मरणाबद्दल खोटं सांगायची आपल्याला फार सवय आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडीतली कितीतरी मुलं आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली. आई-बाप, भावंडं घरी, आणि पोर वसतिगृहात. सकाळी त्यांना ती बातमी कुणीतरी सांगितलीच असेल. अधीक्षिकेनं, स्वयंपाकाच्या ताईनं, नाहीतर एखाद्या सरांनी. आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य त्या मुलांनी ज्याच्या तोंडून ऐकलं, त्या माणसाला ते वाक्य कसं बोलावं याची कुणी कधी तयारी करून दिली होती का? साधे शब्द वापरावेत, जवळ बसावं, खरं सांगावं, ‘गेले’ आणि ‘देवाघरी’ असलं गोल न बोलता मरण पावले म्हणावं, पोर काही बोललं नाही तरी उठून जाऊ नये. याला काही डॉक्टरकी लागत नाही. पण हे आपोआपही सुचत नाही.

आपल्या महाराष्ट्राला या गोष्टीचा अनुभव नाही असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. वर्षानुवर्षं सांभाळलं. पुढे वाघोलीच्या त्याच संकुलात मेळघाटातली आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांचीही मुलं आली. १२०० मुलं, सगळ्यांच्या डोक्यात तीच रात्र, आणि सांभाळायला शिक्षक, वॉर्डन, स्वयंपाकी. त्या लोकांनी जे शिकून घेतलं असेल, ते एखाद्या डी.एड.च्या पुस्तकात यायला हवं होतं. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं ओडिशाचं १९९९ चं चक्रीवादळ, गुजरातचा २००१ चा भूकंप, २००४ ची त्सुनामी या प्रत्येक वेळी गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून मनाच्या प्रथमोपचाराचं काम उभं केलं. कारण उघड होतं. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणणार कुठून? मग जे रोज मुलांसमोर असतात, त्यांनाच शिकवणं भाग होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. त्यातलं सूत्र अगदी तीन शब्दांत बसतं - पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे मूल बदललंय का, खातंय का, कुणाला टाळतंय का. ऐका म्हणजे ते सांगेल तेव्हा ऐका, खोदून खोदून विचारू नका. सगळं एकदा ओकायला लावलं की मन मोकळं होतं, हा आपला मोठा गैरसमज. घटनेनंतर लगेच मुलाला बसवून सगळं वदवून घेण्यानं फायदा होत नाही, कधी जखम उलट चिघळते. आणि जोडून द्या म्हणजे आपल्याला झेपत नसेल तर योग्य माणसापर्यंत पोचवा, मध्येच सोडून देऊ नका.

आता हे ट्रेनिंग कुणाला द्यायचं? माझं म्हणणं इथेच थोडं वेगळं आहे. ‘शिक्षकांचं प्रशिक्षण’ म्हटलं की प्रत्येक शाळेतून एक बाई नाहीतर सर तालुक्याला जाऊन येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ नेमायचं ठरलं, ते चांगलंच आहे. पण तुम्हीच सांगा, शाळेत मूल सगळ्यात आधी कुणाजवळ बोलतं? मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन तर नक्कीच नाही. ते बोलतं मावशींजवळ. पोट दुखतंय म्हणून मावशी ज्याला कोपऱ्यात निजवतात, शू झाली तर ज्याचे कपडे बदलतात, त्या मुलाच्या अंगावरचा वळ पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. खिचडी वाढणाऱ्या ताईंना कळतं की हा पोरगा सोमवारी तीनदा मागून घेतो, म्हणजे शनिवार-रविवार घरी चूल पेटली नसावी. रिक्षावाल्या काकांना कळतं की ही मुलगी अलीकडे घराच्या कोपऱ्यावर आली की गप्प होते. एवढी माहिती असलेल्या या माणसांना शाळेत मात्र कुणी विचारत नाही. त्यांना प्रशिक्षणाचं पत्र येत नाही आणि चहाच्या वेळी त्यांनाच कप धुवायला पाठवतात.

गंमत म्हणजे कायदा या बाबतीत आपल्या शाळांच्या पुढे आहे. पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की मुलांशी रोज संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा संस्थांनी शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या, कायम आणि कंत्राटी, सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयी त्यांचं वेळोवेळी प्रशिक्षणही घ्यायचं. बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर सगळीकडे पडताळणीची धावपळ सुरू झाली. सीसीटीव्ही आले, तक्रारपेट्या आल्या. २०२२ च्या शासन निर्णयातल्या ‘सखी सावित्री’ समित्यांची आठवण झाली. हे सगळं हवंच. पण कॅमेरा फक्त बघतो. बघून जवळ जाणं, ‘काय झालं गं?’ न म्हणता ‘बस माझ्याजवळ’ म्हणणं, हे माणसाला शिकवावं लागतं.

त्यानंतर २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. आणि सगळ्या शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा, प्रमाणित तज्ज्ञांकडून, मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मिळायला हवं. सरकार कायदा करत नाही तोवर या सूचना बंधनकारक आहेत. ‘शिक्षकेतर’ हा शब्द न्यायालयानं वापरलाय, म्हणजे मावशी त्यात आल्या. आता जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई हसून म्हणतील, ‘आमच्याकडे मावशीच नाहीत, शिपाईपद कधीच रद्द झालं, घंटाही आम्हीच वाजवतो.’ तेही खरं. मग स्वयंपाकाच्या ताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, त्यांना घ्या.

पण प्रशिक्षण म्हणजे काय, यावरही दोन शब्द बोलायला हवेत. आपण सगळ्यांनीच ती प्रशिक्षणं पाहिली आहेत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांना शाल-नारळ, पडद्यावर भराभर सरकणाऱ्या इंग्रजी स्लाइड, वडापाव, सर्टिफिकेट, फोटो. असल्या एका दिवसानं मुलांना काडीचा उपयोग नाही. हे शिकायचं असतं करून बघत. एक बाई चिडलेलं मूल होणार, दुसरी बाई त्याच्याशी बोलणार, बाकीच्यांनी बघायचं की कुठे आवाज चढला, कुठे बोट उगारलं गेलं. आपल्या वर्गातल्या एका मुलावर बोलायचं, नाव न घेता. आणि दोन महिन्यांनी पुन्हा भेटायचं, कारण पहिल्या वेळी जे पटलं ते वर्गात करून बघितल्यावरच खरी अडचण कळते.

शिकायच्या गोष्टी तशा लहान असतात. वडील गेलेल्या मुलाला त्याच वर्षी वर्गात ‘माझे बाबा’ निबंध लिहायला लावू नये, त्याला गुपचूप दुसरा विषय द्यावा. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ ऐवजी ‘घरातल्या कुणा मोठ्याला घेऊन ये’ म्हणावं. आज काय काय होणार आहे ते सकाळी फळ्यावर लिहावं, कारण ज्याचं जग एका रात्रीत उलटंपालटं झालं, त्याला पुढच्या तासाला गणित आहे हे माहीत असण्याचाही आधार वाटतो. घाबरलेल्या मुलाला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन यायची मुभा असावी. दारात आलेल्या कॅमेरेवाल्यांसमोर, पाहुण्यांसमोर अशा मुलाला उभं करू नये. मदतीची वह्या-पुस्तकं स्टेजवर बोलावून देऊ नयेत, फार लागतं ते मनाला. दहा वर्षांच्या मुलाला ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हणू नये. आणि ‘बाई, कुणाला सांगू नका हं’ असं मुलीनं म्हटलं तर ‘नाही सांगणार’ असं वचन देऊ नये. अत्याचाराची गोष्ट असेल तर सांगावंच लागतं, पोक्सोच्या १९ व्या कलमानं ते कळलेल्या प्रत्येकावर, मावशींवरसुद्धा, पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. तेव्हा ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन, आणि आधी तुला विचारून सांगेन’ हे खरं उत्तर. तिचं म्हणणं एकदाच ऐकावं, तिच्याच शब्दांत लिहून ठेवावं आणि आधी वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षक, मग संस्थेचे चिटणीस अशी तिची पुन्हा पुन्हा उलटतपासणी होऊ देऊ नये. मारण्याचा तर प्रश्नच नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

हे सगळं वाचून एखादी शिक्षिका मैत्रीण म्हणेल, ‘हो बाई, आमच्याच डोक्यावर टाका अजून एक काम!’ तिचा राग अगदी रास्त आहे. जनगणना, मतदारयाद्या, खिचडीचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, त्यात साठ मुलांचा वर्ग. शिवाय पूर आला तर बाईंचंही घर पाण्यात असतं. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूणला स्वतःच्या घरातला चिखल उपसून शिक्षिका शाळेत गेल्याच असतील. त्यांच्या धसक्याचं काय? ज्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांच्या थकव्याला जागा नाही, ते मला अर्धंच वाटतं. आणि एखादं काम काढून घेतल्याशिवाय हे नवं काम देऊ नये, हे शिक्षण खात्याला ठणकावून सांगायची वेळ आली आहे. मुलांचं दुःख वाहणं हे ‘इतर कामे’ या सदरात मोडत नाही.

घरी आपल्यालाही थोडं करता येतं. शेजारच्या, नात्यातल्या मुलाच्या घरी काही झालं असेल, तर त्याच्या आईच्या परवानगीनं वर्गशिक्षिकेला भेटून ते सांगा. कितीतरी वेळा बाईंना ठाऊकच नसतं. आई किंवा वडील गेलेल्या मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि त्याला शाळेचा बोनाफाइड लागतो, तोही अनेक जणी मागायला संकोचतात. महिना उलटला तरी मुलाची झोप, जेवण, बोलणं ताळ्यावर आलं नाही, किंवा ते मरणाच्या गोष्टी बोलायला लागलं, तर वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलतो. मूल धोक्यात असेल तर १०९८.

आणि पुढच्या पालकसभेला गेलात, की सहलीच्या वर्गणीचा विषय संपल्यावर हात वर करून एवढंच विचारा - न्यायालयानं सांगितलेलं वर्षातून दोनदाचं प्रशिक्षण आपल्या शाळेत झालं का, कोणत्या तारखांना झालं, आणि त्या हजेरीच्या कागदावर मावशींची, खिचडीच्या ताईंची आणि व्हॅनवाल्या काकांची सही आहे का.